पूजेतला पाना

खांबेटे डॉक्टर शेडमध्ये शिरले की आधी इंजिनाची नाडी बघत. अंगातला कोट काढायच्या आधी, कुणाला 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणायच्याही आधी. उजव्या हाताची दोन बोटं चाकाजवळच्या थंडगार दांड्यावर टेकवायची, डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं, भुवया चढवायच्या आणि गंभीर आवाजात जाहीर करायचं, "आहे. पेशंट स्टेबल आहे." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस विनोदी आहे. दर शनिवारी तेच पाहिल्यावर वाटलं, आता विनोद पुरे. पण पुढे ते नाडी बघायचे थांबले, तेव्हा सगळ्यांनाच चुकल्या चुकल्यासारखं होऊ लागलं.

डॉक्टर इस्पितळात भूल द्यायचे, म्हणजे व्यवसायाने. बोलण्यात मात्र समोरच्याला झोप लागू देणं त्यांना मान्य नव्हतं. मी २०११ साली पुण्याहून हॅमिल्टनला आले, एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून लागले आणि तिथल्या रोटोटुना वस्तीत त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहायला लागले. सामानाची खोकी अजून उघडायची होती. त्यांची बायको, शुभदावहिनी, खिचडीचा डबा घेऊन आल्या आणि मागोमाग हे. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "फार्मसिस्ट का? म्हणजे शनिवारी दुपारी मोकळी. हिशेब येतो, हसता येतं. झालं तर, तिकिटं विकायला चल." कसली तिकिटं, कुठे, काही नाही. वहिनी म्हणाल्या, "नाही म्हण. आत्ताच म्हण. मी म्हटलं नाही, त्याला आता तीस वर्षं झाली." मी नाही म्हटलं नाही.

तर ती तिकिटं मेबलची. हॅमिल्टनपासून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी एक जुना रेल्वेचा फाटा होता. सरकारने कधीच टाकून दिलेला. तो काही हौशी मंडळींनी घेतला होता आणि त्यावर सुट्टीच्या दिवशी वाफेचं इंजिन चालवायचं, पोरंबाळं बसवायची, चार-पाच किलोमीटर जाऊन परत यायचं, असा उद्योग चालवला होता. सभासद बहुतेक सगळे पिकलेल्या केसांचे गोरे. त्यांत आमचे डॉक्टर, निळा डगला घालून, कोपरापर्यंत काळे झालेले. इंजिनाला ती मंडळी 'शी' म्हणत. डॉक्टरांना ते एकेरी वाटे. ते 'मेबलबाई' म्हणत.

मेबलबाईंची हकिगत ते नव्या माणसाला केस-पेपर वाचावा तशी ऐकवीत. "पेशंट स्त्री. वय शंभरीच्या पुढे, नक्की विचारू नये. जन्म ग्लासगो. सुट्या भागांत बोटीने आल्या, इथे धक्क्यावर जोडलं. तरुणपणी खाणीतून नदीपर्यंत कोळसा ओढला. खाण आटली, मग लाकडाच्या गिरणीत. डिझेलची इंजिनं आली तसं बाईंना सक्तीची निवृत्ती. एका बागेत पोरांना चढायला ठेवल्या. दरवर्षी वेगळा रंग. पोटात पाखरांची घरटी, पावसाचं पाणी, कुणीतरी आत सँडविचसुद्धा ठेवलेलं होतं. तिथून ह्या लोकांनी उचलून आणल्या आणि पुन्हा उठवल्या." इथे ते थांबत आणि आवडतं वाक्य टाकत, "झोपवतो कुणीही. आपलं काम उठवणं."

हे वाक्य ते ऑपरेशन थिएटरमध्ये म्हणत, शेडमध्ये म्हणत आणि रविवारी दुपारी जेवून लवंडलेल्या पाहुण्यांना उद्देशूनही म्हणत.

त्यांना ह्या वेडाची लागण झाली ती केनमुळे. केन हा शेडचा प्रमुख, निवृत्त शाळामास्तर, उंच, वाकलेला, कमी बोलणारा. त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला भूल दिली होती डॉक्टरांनी. शुद्धीवर येता येता माणसं आईला हाका मारतात, बायकोला मारतात, देवाला मारतात. केनने डोळे उघडून डॉक्टरांचा हात धरला आणि विचारलं, "तिचं पाणी काढलं का कुणी?" डॉक्टर घाबरले. त्यांना वाटलं, बायकोला काही जलोदर वगैरे आहे की काय. मग केनने सांगितलं, की थंडीच्या रात्री इंजिनात पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि बिडाचे सिलिंडर तडकतात. बीड जोडता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी निघताना तिचं पाणी काढायचं, आणि आपण इस्पितळात पडल्यावर ते कोण काढणार, ह्या काळजीने त्याला भूल चढत नव्हती. "अशा माणसाची बायको बघायलाच हवी होती," डॉक्टर म्हणत. "गेलो, तर ही बाई निघाली."

डॉक्टर दिलदार होते, पण त्यांना मोठेपणा आवडे, हे लपवण्यात अर्थ नाही. गणपतीला हॉल भाड्याने घ्यायचा तर ह्यांनी घ्यायचा, भाषण ह्यांनी करायचं, आभारही ह्यांनीच मानायचे. फोटो काढताना मधोमध उभे राहायचे आणि वर म्हणायचे, "अरे, मला कशाला मध्ये घेता?" वहिनी बाजूला उभ्या राहून म्हणत, "बाकीच्यांना जागा ठेवा हो थोडी." आम्ही सगळे त्यांना हसायचो आणि सगळे त्यांच्याच घरी जेवायला जायचो.

दसऱ्याला मेबलची पूजा करायची, ही कल्पना अर्थात त्यांचीच. त्या वर्षी दसरा शनिवारी आला होता. सप्टेंबरचा शेवट, म्हणजे इथला, दक्षिण गोलार्धातला वसंत. झेंडू मिळणं शक्य नव्हतं. पण सगळीकडे कोवाईची झाडं पिवळी झालेली होती, त्या फुलांच्या माळा वहिनी आणि मी शुक्रवारी बसून ओवल्या. "ह्या माणसाने माझ्या वाढदिवसाला कधी गजरा आणला नाही," वहिनी सुई दातात धरून म्हणाल्या, "आणि त्या मेबलला तीन हार."

त्याच शनिवारी सकाळी मेबलच्या बॉयलरची वार्षिक तपासणी होती. बॉयलर थंड पाण्याने गच्च भरतात, पंपाने दाब देतात आणि कुठे पाझरतं का बघतात. तपासनीस आला, टॉर्च घेऊन सगळीकडे फिरला आणि म्हणाला, ह्या वयाचा इतका तब्येतीचा बॉयलर मी फारसा पाहिलेला नाही. डॉक्टरांना स्वतःचा मुलगा बोर्डात आल्यासारखं झालं. त्यांनी तपासनीसालासुद्धा करंजी खायला लावली.

दुपारी पूजा झाली. शेडमधली सगळी हत्यारं डॉक्टरांनी मेबलसमोर रांगोळीत मांडली. हातोड्या, पाने, तेलाचे चंबू, कोळशाचं फावडं. मधोमध सगळ्यांत मोठा पाना, माझ्या हाताएवढा लांब. प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं. गोऱ्या मंडळींनी टोप्या काढून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं, की ज्या हत्यारांनी आपण वर्षभर पोट भरतो त्यांना आज एक दिवस विश्रांती. पूजेला ठेवलेलं हत्यार उद्या उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. सगळ्यांना ते फार आवडलं. एक जण म्हणाला, "आमच्या युनियनला हे सुचायला हवं होतं."

संध्याकाळी सगळे पांगले. शेडमध्ये आम्ही तिघंच उरलो, डॉक्टर, केन आणि करंज्यांचे डबे आवरणारी मी. केन दारात उभा राहून आभाळाकडे बघत होता. एकही ढग नव्हता. तो आत आला आणि रांगोळीच्या कडेशी थांबला. मेबलची एक झडप गळकी होती, सकाळी भरलेलं पाणी तिच्यातून झिरपून खाली सिलिंडरमध्ये उतरलेलं असणार, हे त्याला ठाऊक होतं. उजव्या बाजूचं आपोआप वाहून जाई. डाव्या बाजूचा नळ मोडला होता, नवा येईपर्यंत तिथे एक प्लग बसवला होता, आणि तो प्लग त्या मोठ्या पान्यानेच निघायचा.

"डॉक, आज थंडी पडणार. तो पाना घेतो जरा. पाच मिनिटांचं काम आहे."

डॉक्टर हसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "केन, दे आर रेस्टिंग. उद्या सकाळी सगळ्यांत आधी तुझ्याच हातात देतो. वसंत आलाय, काही होत नाही."

केनने पान्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "राइटो. तुमचे देव, तुमचे नियम." त्याने टोपी घातली आणि तो आपल्या यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या त्या गाडीत, बसून निघून गेला. आम्ही दार ओढून घेतलं. घरी येताना डॉक्टर गात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि डॉक्टर सगळ्यांच्या आधी पोचलो. रस्त्याकडेचं गवत पांढरं झालेलं होतं आणि त्यावरून चालताना कुरकुर वाजत होतं. शेडचं दार उघडंच होतं. केन डाव्या सिलिंडरजवळ गुडघ्यांवर बसला होता, त्याच त्या ऑपरेशन केलेल्या गुडघ्यावर. आमच्याकडे न बघता त्याने बोट दाखवलं. बिडात वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ होती. केस चिकटलाय असं वाटावं इतकी बारीक. डॉक्टरांनी तो केस नखाने काढून बघितला.

तेवढ्यात गाड्या यायला लागल्या. हॅमिल्टनची सगळी मराठी मंडळी, लांबच्या पापाटोएटोहून दोन कुटुंबं, पैठण्या, झब्बे, पुलावाची पातेली. डॉक्टरांनी केनकडे बघितलं. केन हळूच म्हणाला, "जाऊ दे. लोक आलेत." आणि कार्यक्रम झाला. उत्तरपूजा झाली, सोनं म्हणून पानं वाटली, फोटो निघाला. तो माझ्या फोनमध्ये अजून आहे. सगळे हसतायत, मेबलच्या गळ्यात पिवळे हार, समोर हत्यारं, मधोमध पाना आणि त्याच्यामागे डॉक्टर. हसतायत तेही, पण डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत. केन फोटोत नाही.

पंधरवड्याने क्लबच्या कमिटीची बैठक झाली. तज्ज्ञाने सांगून टाकलं होतं, की सिलिंडर नव्याने ओतावा लागेल आणि ते क्लबच्या आवाक्याबाहेरचं आहे. अध्यक्षांनी विचारलं, पाणी काढायची जबाबदारी कुणाची होती? केन उभा राहिला. म्हणाला, "माझी. राहून गेलं." एवढंच बोलून खाली बसला. पाना नाही, पूजा नाही, डॉक्टर नाहीत. मी डॉक्टरांकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडलं होतं, मला स्पष्ट दिसलं. पण अध्यक्षांनी कागद उलटला आणि पुढचा विषय घेतला, आणि ते तोंड मिटलं. मलाही तोंड होतंच की. मी मनाशी म्हटलं, हे त्यांनी बोलायचं, मी कशी बोलू, आणि बिस्किटं फिरवत राहिले. शेडची किल्ली केनकडून काढून दुसऱ्याकडे दिली गेली. केनने ती खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि पुढच्या शनिवारपासून तो आला नाही.

परतीच्या वाटेवर मी डॉक्टरांना पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं. घरासमोर गाडी थांबवून स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"मीनल," ते म्हणाले, "मला देवाचं काही पडलेलं नव्हतं गं. मी घरी साधा दिवासुद्धा लावत नाही, शुभदा लावते. मला ती मांडणी मोडू द्यायची नव्हती. मधला पाना काढला असता तर रांगोळी फिस्कटली असती. मला दुसऱ्या दिवशीचा फोटो हवा होता."

मी काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हटलं, "डॉक्टर, तुम्हांला काय माहीत, इतकी थंडी पडेल?"

"त्याने सांगितलं होतं ना," ते म्हणाले. "माहीत असलेल्या माणसाने सांगितलं होतं."

त्यानंतरचे डॉक्टर मला नीट सांगता येत नाहीत. बाहेरून सगळं तेच. इस्पितळ, गणपती, पाहुणे. पण गणपतीत भाषण करायला दुसऱ्या कुणाला तरी पुढे करू लागले आणि फोटोच्या वेळी नेमके चहा बघायला जाऊ लागले. वहिनी मला म्हणाल्या, "बाकीच्यांना जागा ठेवा म्हणायचे ना मी, आता सगळीच जागा मोकळी करून बसलेत. बघवत नाही." शेडमध्ये यायचे, पण नाडी बघायचे नाहीत. मेबलच्या उजव्या बाजूनेच जायचे. डावीकडे वळायचेच नाहीत.

एका रविवारी ते मला सोबत घेऊन केनच्या घरी गेले. केन परसात बटाटे काढत होता. डॉक्टर उभ्या उभ्याच म्हणाले, की मी कमिटीपुढे जाऊन सगळं खरं सांगणार आहे. केन कुदळीला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला.

"सांगू नका, डॉक," तो म्हणाला. "सांगितलंत तर लोक म्हणतील, त्या इंडियन लोकांच्या पूजेने इंजिन मोडलं. तुमची पोरं तिथे हौसेने येतात. पुन्हा कुणी त्यांना हार घालू देणार नाही. मी म्हातारा आहे, माझं काय जातं? लीव्ह इट."

येताना त्याने आम्हांला पिशवीभर बटाटे दिले. गाडीत डॉक्टर म्हणाले, "बघितलंस? ह्याला म्हणतात माणूस. माझ्यासाठी नाही, पोरांसाठी स्वतःवर घेतलं. आपल्याला सात जन्मांत जमणार नाही हे." ते बटाटे त्यांच्या घरी कुणी खाल्ले नाहीत. वहिनींनी केलेली भाजी डॉक्टरांच्या पानात तशीच राहायची, शेवटी त्यांनी ते बटाटे मला आणून दिले.

पण न सांगता राहणं डॉक्टरांच्या प्रकृतीत बसणारं नव्हतं. काही महिने त्यांनी केनचा शब्द राखला. मग क्लबच्या वार्षिक सभेत, मेबलचं काय करायचं हा विषय निघाला तेव्हा, ते उठले. माझी हातातली किटली तिथेच थांबली. त्यांनी सगळं सांगितलं. पाना, रांगोळी, केनचं मागणं, स्वतःचं उत्तर. "हे देवाने केलेलं नाही, धर्माने नाही, माझ्या लोकांनीही नाही," ते म्हणाले. "मला फोटो हवा होता म्हणून झालं. केनने तुमच्याशी खोटं बोलून मला वाचवलं."

मग अध्यक्ष म्हणाले, "गुड ऑन यू, डॉक. सांगितलंत हे बरं केलंत. नो वरीज." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि बिस्किटांची बशी पुढे केली. केनला किल्ली परत द्यायचा ठराव तिथल्या तिथे झाला.

डॉक्टर बाहेर आले ते संतापून. "माझ्या टेबलावर पेशंट दगावला तर मला जिथे-तिथे उत्तरं द्यावी लागतात, मीनल. आठवडेच्या आठवडे. इथे बिस्किट दिलं! चॉकलेटचं!" मला हसू आलं आणि त्यांच्याकडे बघून ते गिळावं लागलं. त्यांना शिक्षा हवी होती आणि ती द्यायला कुणाला वेळ नव्हता.

किल्ली द्यायला ते स्वतः गेले. केनने ती घेतली नाही. "गुडघा कुरकुरतो," म्हणाला. "आणि तुम्हांला सांगू नका म्हटलं होतं मी." दारातच बोलणं झालं. डॉक्टरांना वाटलं, शब्द मोडला म्हणून दुखावला. ती एक जास्तीची टोचणी त्यांनी बाकीच्या टोचण्यांत जमा केली.

मेबलचं काय करायचं, तेही ठरलं. दक्षिण बेटावरच्या एका क्लबकडे तिच्याच जातीचं इंजिन होतं, बॉयलर गेलेलं. मेबलचा बॉयलर ठणठणीत होता, तपासनीसाने शाबासकी दिलेला. तो त्यांना द्यायचा आणि उरलेला सांगाडा फाटकाशी शोभेला उभा करायचा. क्रेन आली त्या दिवशी पाऊस होता. बॉयलर उचलून लॉरीवर ठेवला, पट्टे आवळले, ड्रायव्हर चढला. डॉक्टर छत्री मला देऊन पुढे गेले आणि त्यांनी बॉयलरवर दोन बोटं टेकवली. घड्याळाकडे बघितलं. मी 'पेशंट स्टेबल आहे'ची वाट बघत होते. लॉरी गेली.

तो मोठा पाना त्यांनी क्लबकडून मागून घेतला. त्याच्या दात्यांत कुंकू अडकलेलं होतं, ते त्यांनी कधी काढलं नाही. गाडीच्या डिकीत ठेवलेला असायचा. हिवाळ्यात एखाद्या निरभ्र संध्याकाळी वहिनींचा मला फोन यायचा, "तुझ्याकडे आलेत का?" मग कळायचं, तासभर गाडी हाकत तिकडे गेले. एकदा मी गेले बरोबर. फाटकाजवळच्या त्या सांगाड्यापाशी ते वाकले, डाव्या सिलिंडरचा प्लग पान्याने काढला, आत बोट घालून बघितलं.

"डॉक्टर, आता काय उरलंय त्यात?" मी न राहवून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "थंडी आहे ना, म्हणून."

२०१९च्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. इस्पितळातच, ड्यूटी संपवून कोट काढताना. ज्यांचं आयुष्य लोकांना उठवण्यात गेलं त्यांना उठवायला त्यांचेच सहकारी धावले आणि त्यांना यश आलं नाही. स्मशानगृहात हॅमिल्टनची निम्मी मराठी वस्ती होती, तितकेच गोरे होते, आणि सगळ्यांत मागे काळ्या सुटात केन होता.

महिन्याभराने तो वहिनींना भेटायला आला. मी तिथेच होते, गॅरेज आवरू लागत होते. वहिनी इंग्रजी उत्तम बोलतात, इतकी वर्षं शाळेत नोकरी केली त्यांनी, पण त्या दिवसांत त्यांच्या तोंडून मराठीच येत होती. डिकीतून काढून ठेवलेला तो पाना त्यांनी माझ्या हातात दिला. "केनला दे. त्याच्याच शेडचा आहे. मला तो डोळ्यांसमोर नको."

केनने पाना दोन्ही हातांत घेतला. दात्यांतल्या लाल रंगावरून अंगठा फिरवला. मग तो परत माझ्याकडे धरून म्हणाला, "मला नको, डिअर. माझ्याकडे आहे. ह्याच मापाचा. यूटमध्ये असतो, कायम."

वहिनी पिशवी शोधायला आत वळल्या होत्या. मी तिथेच उभी होते.

"त्या दिवशीही होता?" मी विचारलं.

केनने मान हलवली. मग यूटकडे बघत, थांबत थांबत बोलला. "मोठ्या रस्त्याच्या वळणावर आठवलं होतं. मागे फिरलो असतो तर दहा मिनिटं. पण राग आला होता. माझ्या शेडमध्ये मला सांगतो, हात लावू नको. म्हटलं, असू दे. शी विल बी राइट, काही होत नाही तिला. रात्रभर झोप आली नाही. उजाडायच्या आधी गेलो, तोवर झालं होतं."

"आणि त्यांना सांगू नका म्हणालात ते..."

"त्याने सांगितलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं." त्याने हात खिशात घातले. "त्याने सांगितलं तरी मी सांगितलं नाही. ह्या दारापर्यंत आलो होतो दोनदा. दोन्ही वेळा त्यानेच दार उघडलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, केन, तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही."

मला डॉक्टर दिसत होते. थंडीत वाकून प्लग काढणारे, आत बोट घालून बघणारे. त्यांच्या ओझ्यातलं निम्मं ह्या माणसाच्या गाडीत पडून होतं. मला केनचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याचंही वाईट वाटलं. मलाही त्या बैठकीत तोंड होतं आणि मी बिस्किटं फिरवली होती.

वहिनी पापाटोएटोच्या वाण्याची एक जाड पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला, पिशवीत घातला, वरून गाठ मारली आणि केनच्या हातात दिला.

"नको म्हणतोय तो," मी म्हटलं. "त्याच्याकडे आहे एक असा."

"असू दे की," वहिनी म्हणाल्या. "सांग त्याला, एकाला दोन झाले तर काय बिघडतं?"

केन माझ्याकडे बघत होता. "काय म्हणतायत?"

"त्या म्हणतायत," मी म्हटलं, "ठेवून घ्या."